अपूर्ण उमेदवारांपुढील स्वातंत्र्यवादी मतदार : अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीतील एका पेचाची चिकित्सा

प्रास्ताविक

लोकशाहीत मतदाराला सर्वस्वी आपल्या मनासारखा उमेदवार क्वचितच लाभतो. ही अडचण सर्वच मतदारांची असली, तरी अमेरिकेतील लिबर्टेरियन म्हणजेच स्वातंत्र्यवादी मतदाराच्या बाबतीत तिला वेगळे परिमाण प्राप्त होते. अन्य मतदार राज्यसंस्थेकडून काहीतरी मागत असतो आणि मागणीत तडजोड करता येते. स्वातंत्र्यवादी मतदाराची मूळ भूमिका मात्र अशी की, राज्यसंस्थेने त्याच्या व इतरांच्या जीवनात किमान हस्तक्षेप करावा. अध्यक्षपदाचा प्रत्येक प्रमुख उमेदवार कोठे ना कोठे हस्तक्षेपाचा पुरस्कर्ता असतोच. एक करकपात देतो आणि युद्ध आणतो. दुसरा युद्ध नाकारतो आणि बाजारपेठेवर नियंत्रणे लादतो. अशा वेळी या मतदाराने मत कोणाला द्यावे, किंबहुना मत द्यावे की नाही, हा प्रश्न गेल्या अर्धशतकात या विचारपरंपरेतील अग्रणींनी परस्परविरोधी मार्गांनी सोडविला आहे. त्यांतील तीन प्रमुख उत्तरांची चिकित्सा करणे आणि ती कोठे अपुरी पडतात हे दाखविणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

संज्ञेविषयी प्रारंभीच एक खुलासा आवश्यक आहे. मराठीत 'उदारमतवाद' म्हटले की मिल आणि स्पेन्सर यांच्या विचारांचा संस्कार घेतलेले आगरकर आठवतात. अमेरिकेत मात्र विसाव्या शतकात 'लिबरल' हा शब्द कल्याणकारी राज्याच्या समर्थकांनी आपलासा केला. त्यामुळे व्यक्तिस्वातंत्र्य, खासगी मालमत्ता आणि मर्यादित शासन मानणाऱ्या जुन्या परंपरेच्या वारसांना नवे नाव घ्यावे लागले. ते नाव लिबर्टेरियन होय. या लेखात त्यासाठी 'स्वातंत्र्यवादी' हा शब्द योजिला आहे.

१९७२ : एकाच परंपरेतील दोन उत्तरे

१५ ऑगस्ट १९७१ रोजी अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी किमती आणि वेतन गोठविण्याचा आदेश काढला व डॉलरचा सोन्याशी असलेला संबंध तोडला. रिपब्लिकन पक्ष हा मुक्त अर्थव्यवस्थेचा पक्ष आहे, अशी समजूत बाळगणाऱ्यांना हा मोठा धक्का होता. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये कोलोराडो राज्यात लिबर्टेरियन पक्षाची स्थापना झाली. १९७२ च्या निवडणुकीत पक्षाने तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक जॉन हॉस्पर्स यांना अध्यक्षपदासाठी आणि टोनी नेथन यांना उपाध्यक्षपदासाठी उभे केले. केवळ दोन राज्यांच्या मतपत्रिकांवर त्यांची नावे छापली गेली आणि देशभरातून त्यांना ३,६७४ मते पडली. तथापि व्हर्जिनियातील रॉजर मॅकब्राइड या रिपब्लिकन निर्वाचकाने निक्सन यांना डावलून आपले मत या जोडीला दिले. निर्वाचक मंडळाचे मत मिळविणारी पहिली स्त्री, हा मान अशा रीतीने नेथन यांच्याकडे गेला.

याच निवडणुकीत आयन रँड यांनी मात्र निक्सन यांच्या बाजूने कौल दिला. हॉस्पर्स हे एके काळी रँड यांच्या वैचारिक वर्तुळातील; परंतु रँड यांना ना हा नवा पक्ष मान्य होता, ना निक्सन प्रिय होते. डेमोक्रॅटिक उमेदवार जॉर्ज मॅकगव्हर्न यांचा पराभव त्यांना महत्त्वाचा वाटत होता. प्रत्येक नागरिकास १,००० डॉलर देण्याची मॅकगव्हर्न यांची योजना या परंपरेला मानवणारी नव्हतीच. उलटपक्षी व्हिएतनाम युद्ध थांबविण्याची त्यांची भूमिका मात्र स्वातंत्र्यवाद्यांच्या अगदी जवळची होती.

या प्रसंगाची गुंतागुंत निक्सन यांच्या कारकिर्दीत अधिक स्पष्ट होते. किमती गोठविणारे निक्सन तेच आणि सक्तीची लष्करभरती संपविण्यासाठी आयोग नेमणारेही तेच. या आयोगावर मिल्टन फ्रीडमन सदस्य होते. आयोगाने १९७० मध्ये स्वेच्छाभरतीची शिफारस केली आणि १९७३ मध्ये सक्तीची भरती बंद झाली. तरुणांना त्यांच्या इच्छेविरुद्ध रणांगणावर धाडणे यापेक्षा व्यक्तिस्वातंत्र्याचा मोठा भंग कोणता? मग किमतींवरील नियंत्रण आणि लष्करभरतीची समाप्ती यांची बेरीज-वजाबाकी कोणत्या मापाने करावयाची? अर्धशतकानंतरही या प्रश्नाचे सर्वमान्य उत्तर या परंपरेला सापडलेले नाही.

पहिले उत्तर : मतदानापासून निवृत्ती

मतदान करणे म्हणजे राज्यसंस्थेच्या सत्तेला संमती देणे होय, म्हणून मतदानच करू नये, हे पहिले उत्तर. रॉबर्ट लफेव्हर यांच्यासारख्या विचारवंतांनी ते आग्रहाने मांडले. गंमत अशी की, या उत्तराचे सर्वांत प्रभावी खंडन याच परंपरेच्या एका पूर्वसूरीने शंभर वर्षे आधीच करून ठेवले होते. लायसँडर स्पूनर यांनी १८६७ पासून लिहिलेल्या 'नो ट्रीझन' या निबंधमालेत असा युक्तिवाद केला आहे की, ज्या व्यवस्थेत माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध ओढले गेले आहे, त्या व्यवस्थेत त्याने आत्मरक्षणार्थ मतपत्रिका वापरली तर तेवढ्यावरून त्याची संमती सिद्ध होत नाही. ज्याने मत दिले नाही त्यालाही कर भरावाच लागतो. कायदा पाळावाच लागतो. सबब मतदानातून निवृत्त होणारा मतदार आपली संमती परत घेत नाही, कारण ती त्याने दिलेलीच नव्हती. तो केवळ उपलब्ध असलेले एक लहानसे साधन खाली ठेवतो.

स्पूनर यांच्या युक्तिवादालाही एक मर्यादा आहे. आत्मरक्षणाचा हक्क स्वतःच्या रक्षणापुरता असतो. मतपत्रिकेचा वार मात्र नेमका कोणावर होईल, हे मतदाराच्या हाती नसते. स्वतःवरील कराचा बोजा हलका करून घेण्यासाठी दिलेले मत तिऱ्हाइताला तुरुंगात धाडण्यास साहाय्यभूत ठरू शकते. हा मुद्दा दुसऱ्या उत्तराच्या चिकित्सेत मध्यवर्ती ठरतो.

दुसरे उत्तर : कमी वाईटाची निवड

दोन प्रमुख उमेदवारांपैकी ज्याच्यामुळे स्वातंत्र्याची हानी कमी होईल त्यास मत द्यावे, हे दुसरे उत्तर व्यवहारी मानले जाते. १९७२ मध्ये रँड यांनी ते स्वीकारले. विशेष म्हणजे स्वतः हॉस्पर्स यांनीही २००४ मध्ये स्वातंत्र्यवाद्यांना उद्देशून खुले पत्र लिहिले आणि लिबर्टेरियन उमेदवार मायकेल बॅडनारिक यांच्याऐवजी जॉर्ज बुश यांना मत देण्याचे आवाहन केले. २००१ चा पॅट्रियट कायदा, २००३ चे इराक युद्ध आणि त्याच वर्षी झालेला वृद्धांच्या औषधखर्चाच्या सरकारी योजनेचा विस्तार या सर्व गोष्टी तोवर घडून गेल्या होत्या. पक्षाचा पहिलाच उमेदवार बत्तीस वर्षांनंतर पक्षाविरुद्ध मत मागतो, हा केवळ वैयक्तिक मतपरिवर्तनाचा भाग नव्हे. या उत्तराचे आकर्षण किती प्रबळ आहे, याचाच तो पुरावा होय.

या उत्तरातील तात्त्विक अडचण रॉबर्ट नोझिक यांच्या विवेचनाच्या आधारे दाखविता येते. १९७४ च्या 'अनार्की, स्टेट अँड युटोपिया' या ग्रंथात त्यांनी हक्क हे साध्य नसून कृतीवरील मर्यादा आहेत, असे प्रतिपादन केले. समाजातील एकूण हक्कभंग कमी व्हावेत म्हणून एखाद्याचा हक्क मोडणे त्यांना मान्य नव्हते. तसे करणे म्हणजे हक्कांचा उपयुक्ततावाद होय. कमी वाईटाचा हिशेब नेमका हाच उपयुक्ततावाद मागच्या दाराने आत आणतो. ज्या परंपरेने उपयुक्ततावादी बेरजेला सिद्धांतात नकार दिला, तीच मतदानकक्षात बेरीज मांडू लागते.

यावर असा प्रतिवाद शक्य आहे की, मतदार स्वतः कोणाचा हक्क मोडत नाही. तो दोन अटळ पर्यायांतून एक निवडतो. हा प्रतिवाद सयुक्तिक आहे. तथापि बेरीज करणाऱ्याने ती कोणाच्या खात्यावर मांडली जाते, हे तरी पाहावयास हवे. ऑक्टोबर १९८६ मधील दोन दिनांक या दृष्टीने उद्बोधक आहेत. २२ तारखेला अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी करसुधारणा कायद्यावर स्वाक्षरी केली. १९८१ पूर्वी ७० टक्के असलेला प्राप्तिकराचा कमाल दर त्यानंतर २८ टक्क्यांवर आला. पाचच दिवसांनी, २७ तारखेला, त्यांनी अमली पदार्थविरोधी कायद्यावर स्वाक्षरी केली. त्यानुसार पाच ग्रॅम क्रॅक कोकेनसाठी जी किमान पाच वर्षांची शिक्षा ठरली, ती पूड स्वरूपातील कोकेनच्या बाबतीत पाचशे ग्रॅमला लागू होती. या तफावतीचा जाच प्रामुख्याने कृष्णवर्णीयांना झाला. शंभरास एक हे प्रमाण २०१० पर्यंत टिकले आणि नंतर अठरास एक झाले. 'रेगन यांच्या काळात स्वातंत्र्य वाढले काय?' या प्रश्नाचे उत्तर अर्थातच विचारणारा कोणत्या कायद्याच्या टप्प्यात येतो, यावर अवलंबून राहते. कमी वाईटाचा हिशेब मांडणारा मतदार बहुधा पहिल्या कायद्याचा लाभार्थी असतो आणि दुसऱ्याची झळ त्याला लागत नाही. त्याच्या जमाखर्चात ही बाजू कोरी राहते, याचे कारण दुष्टपणा नसून अनुभवाचा अभाव हे आहे.

याच उदाहरणातून आणखी एक दोष दृष्टीस पडतो. हे दोन्ही कायदे अमेरिकी काँग्रेसने दोन्ही पक्षांच्या पाठिंब्याने संमत केले होते. त्यांचे श्रेय वा अपश्रेय एकट्या अध्यक्षाच्या खात्यावर टाकता येत नाही. पक्षाच्या शिक्क्यावरूनही अंदाज बांधता येत नाही. विमान वाहतुकीची नियंत्रणमुक्ती १९७८ मध्ये, रेल्वे आणि मालमोटारींची १९८० मध्ये झाली, ती जिमी कार्टर या डेमोक्रॅटिक अध्यक्षाच्या काळात. त्याच कार्टर यांनी १९८० मध्ये लष्करभरतीसाठी नावनोंदणी पुन्हा सुरू केली. उमेदवारांची एकसंध गुणपत्रिका तयार करण्याचा खटाटोप म्हणूनच फसवा ठरतो.

तिसरे उत्तर : तत्त्वासाठी मत

निवडून येण्याची शक्यता नसली तरी आपल्या तत्त्वांच्या उमेदवारासच मत द्यावे, हे तिसरे उत्तर. त्याचा पाया गणिती आहे. अँड्र्यू गेलमन, नेट सिल्व्हर आणि एरन एडलिन यांच्या अभ्यासानुसार २००८ च्या निवडणुकीत एका मताने निकाल ठरण्याची शक्यता सरासरी सहा कोटींत एक होती. चुरशीच्या मोजक्या राज्यांत ती कोटीत एक एवढी होती. मताने निकाल बदलणारच नसेल तर ते निदान मनातील विचार तरी व्यक्त करो, असे हे तर्कशास्त्र आहे. जेफ्री ब्रेनन आणि लोरेन लोमास्की यांनी १९९३ मध्ये मांडलेली अभिव्यक्तिपर मतदानाची उपपत्ती त्यास बळ देते.

मतांची आकडेवारी काय सांगते? १९८० मध्ये एड क्लार्क यांना सुमारे ९ लाख २१ हजार मते मिळाली. २०१६ मध्ये गॅरी जॉन्सन यांना सुमारे ४५ लाख म्हणजे ३.२८ टक्के मते पडली. हा पक्षाचा उच्चांक होय. २०२० मध्ये जो जॉर्गेनसन यांच्या वेळी हे प्रमाण १.१८ टक्क्यांवर आणि २०२४ मध्ये चेस ऑलिव्हर यांच्या वेळी अर्ध्या टक्क्याच्याही खाली आले. दोन्ही प्रमुख उमेदवार कमालीचे अप्रिय असताना मते फुगली आणि नंतर ओसरली. २०१६ च्या मतांत स्वातंत्र्यवादाचा पुरस्कार किती आणि निव्वळ वैताग किती, हे त्या मतांवरून ओळखता येत नाही.

अभिव्यक्तिपर मतदानाची कमकुवत बाजू येथेच आहे. गुप्त मतदानातील मत मुके असते. त्याला कारण जोडता येत नाही. या संदर्भात महाराष्ट्रातील एक उदाहरण तुलनेसाठी उपयुक्त आहे. खुल्या बाजारपेठेचे आणि मर्यादित शासनाचे पुरस्कर्ते असलेले शेतकरी नेते शरद जोशी २००४ ते २०१० या काळात राज्यसभेचे सदस्य होते. ९ मार्च २०१० रोजी महिला आरक्षण विधेयक राज्यसभेत १८६ विरुद्ध १ अशा मतांनी संमत झाले. ते एकमेव विरोधी मत जोशी यांचे होते. त्या भूमिकेशी कोणी सहमत असो वा नसो, निकालावर परिणाम न करणारे ते मत अर्थपूर्ण होते, कारण ते नावानिशी नोंदले गेले आणि त्यामागील कारणमीमांसा करण्याची संधी मत देणाऱ्यास होती. जॉन्सन यांना मत देणाऱ्या सामान्य मतदारास ही सोय नाही. अभिव्यक्तीच हवी असेल, तर लेख, सभा आणि संघटन ही मतपत्रिकेपेक्षा अधिक बोलकी साधने आहेत.

'मत वाया जाते' हा या उत्तरावरील नेहमीचा आक्षेप मात्र तपासून घ्यावा लागतो. २०२० मध्ये ॲरिझोनात विजयाचे अंतर १०,४५७ मतांचे होते आणि जॉर्गेनसन यांना ५१,४६५ मते मिळाली. जॉर्जियात अंतर ११,७७९ मतांचे आणि त्यांची मते ६२,२२९. ही मते ट्रम्प यांची होती, असे गृहीत धरून रिपब्लिकन पक्ष दोष देतो. २०१६ मध्ये मिशिगनमधील १०,७०४ मतांच्या अंतराकडे बोट दाखवून डेमोक्रॅटिक पक्षानेही तसेच केले. मतदार हा कोणत्याच पक्षाची मालमत्ता नाही, हे या दोषारोपात विसरले जाते. शिवाय परिणाम नियमांवर ठरतो. जॉर्जियात पन्नास टक्के न मिळाल्यास दुसरी फेरी घ्यावी लागते. म्हणूनच २०२२ च्या सिनेट निवडणुकीत चेस ऑलिव्हर यांच्या सुमारे दोन टक्के मतांमुळे दुसरी फेरी झाली आणि मतदारांना पुन्हा विचार करता आला. मेन राज्याने २०२० पासून अध्यक्षीय निवडणुकीतही पसंतीक्रमाची पद्धत वापरली. अशा ठिकाणी तत्त्वासाठी मत आणि कमी वाईटाची निवड यांतील विरोध बऱ्याच अंशी मावळतो. पेचाचा काही भाग मतदाराच्या सदसद्विवेकात नसून मतमोजणीच्या पद्धतीत आहे, हे लक्षात घेणे अगत्याचे आहे.

पर्यायी निकष : पदाचे अधिकार

तिन्ही उत्तरांत एक समान उणीव आढळते. तिन्ही उत्तरे उमेदवाराच्या मतांकडे पाहतात. पदाच्या अधिकारांकडे पाहत नाहीत. करांचे दर, अर्थसंकल्प, कल्याणकारी योजना यांवर अध्यक्षाला काँग्रेसची संमती लागते. याउलट लष्कराचा वापर, क्षमादान, आणीबाणीची घोषणा, कायद्यांच्या अंमलबजावणीचा अग्रक्रम या क्षेत्रांत तो बऱ्याच अंशी एकट्याने निर्णय घेतो. सबब उमेदवाराच्या करविषयक आश्वासनांपेक्षा, एकहाती अधिकारांविषयीची त्याची वृत्ती स्वातंत्र्यवादी मतदाराने प्रथम तपासावयास हवी.

२०२४–२५ मधील घटना या निकषाची कसोटी पाहतात. मे २०२४ मध्ये डोनाल्ड ट्रम्प लिबर्टेरियन पक्षाच्या अधिवेशनात आले. श्रोत्यांतून निषेधाचा मोठा गलका झाला. तरीही जन्मठेप भोगत असलेल्या रॉस उलब्रिक्ट यांची शिक्षा कमी करण्याच्या आश्वासनाला टाळ्या पडल्या. सत्तेवर येताच, २१ जानेवारी २०२५ रोजी, ट्रम्प यांनी त्यांना पूर्ण माफी दिली. आश्वासन पाळले गेले. त्यानंतर काही आठवड्यांतच १९७७ च्या आणीबाणीविषयक आर्थिक कायद्याचा आधार घेऊन त्यांनी आयात शुल्के लादण्यास प्रारंभ केला आणि एप्रिलमध्ये ती जवळजवळ सर्व देशांच्या मालावर लागू केली. शुल्काचा मनोदयही त्यांनी प्रचारात लपविला नव्हता. या शुल्कांविरुद्ध न्यायालयात गेलेल्या लहान व्यावसायिकांची बाजू एका स्वातंत्र्यवादी विधिसंस्थेने मांडली आणि २८ मे २०२५ रोजी आंतरराष्ट्रीय व्यापार न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला.

एका कैद्याची सुटका आणि कोट्यवधी ग्राहकांवरील कर, या दोन्ही कृतींचे उगमस्थान एकच आहे : कोणाला न विचारता निर्णय घेणारी लेखणी. क्षमादानाचा अधिकार राज्यघटनेने दिला आहे, तर शुल्काच्या अधिकाराचा दावा वादग्रस्त ठरला, हा फरक महत्त्वाचा आहेच. तथापि मतदाराच्या दृष्टीने बोध असा की, मतांच्या मोबदल्यात मिळालेले स्वातंत्र्य हे हक्काच्या नव्हे तर कृपेच्या स्वरूपात मिळते. आणि कृपा करणाऱ्या हाताला अवकृपा करण्यासही तेवढीच मोकळीक असते. याउलट १९७८ च्या कायद्याने विमान वाहतुकीवरील नियंत्रण मंडळ टप्प्याटप्प्याने मोडीत निघाले आणि १९८४ अखेर ते बंद झाले. अध्यक्ष बदलले तरी ही सुधारणा टिकली, कारण ती कायद्याच्या मार्गाने आली होती.

या निकषालाही मर्यादा आहेत. संयमाचे आश्वासन देणारा उमेदवार पदावर येताच बदलतो. आसन्न धोका नसताना काँग्रेसच्या संमतीवाचून हल्ला करण्याचा अधिकार अध्यक्षास नाही, असे २००७ मध्ये सांगणाऱ्या बराक ओबामा यांनीच २०११ मध्ये अशा संमतीविना लिबियात लष्करी कारवाई केली. म्हणून केवळ वचनावर न विसंबता उमेदवारास अडविणारे कोणी असेल काय, हेही पाहावे लागते. अर्थतज्ज्ञ विल्यम निस्कानन यांनी अध्यक्षपद आणि काँग्रेस वेगवेगळ्या पक्षांकडे असण्याचे समर्थन केले, ते याच दृष्टीने. अमेरिकी मतपत्रिकेवर अध्यक्षाखेरीज अन्य पदांसाठीही मत देता येते आणि तेथे निवड वेगळी ठेवता येते. अर्थात काँग्रेस विरोधात असली की अध्यक्ष कार्यकारी आदेशांकडे अधिक वळतात, हा अनुभवही दृष्टीआड करता येत नाही. तेव्हा विभागलेली सत्ता ही हमी नव्हे. ती केवळ एक अडसर आहे.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, मतदानातून निवृत्ती संमतीविषयीच्या गैरसमजावर उभी आहे; कमी वाईटाची निवड दुसऱ्याच्या खात्यावरील हानी मोजत नाही; आणि तत्त्वासाठी दिलेले मत आपले कारण सांगू शकत नाही. यांपैकी कोणतेही उत्तर त्याज्य नाही, परंतु त्यांतील एकही पुरेसे नाही. उमेदवार अपूर्ण असणारच, हे गृहीत धरल्यास प्रश्नाचे स्वरूप बदलते. 'कोणता उमेदवार आपल्याला अधिक स्वातंत्र्य देईल?' असे विचारणारा मतदार नकळत स्वातंत्र्य ही देण्याची वस्तू मानतो. 'कोणत्या उमेदवाराला अडविता येईल आणि त्याच्या अधिकाराची झळ सर्वप्रथम कोणाला लागेल?' हा प्रश्न या परंपरेच्या मूळ विचाराशी अधिक सुसंगत आहे. त्याचे उत्तर प्रत्येक निवडणुकीत नव्याने शोधावे लागेल, आणि ज्याला ती झळ लागणार आहे, त्याचे म्हणणे त्या वेळी प्रथम ऐकावे लागेल.